एक ते पाच नंबरचे सेल

भाऊजी,

तुमचे बॅटरीचे बत्तीस सेल गेल्या आठवड्यापर्यंत मधल्या खोलीत फरशीवरच होते. तुम्ही गेलात त्या दिवशी घरात माणूस मावेना, तेव्हा कोणीतरी त्यांच्यावर सतरंजी टाकली, आणि चुकून कोणी वर बसू नये म्हणून तुमच्या शोभानं भोवती दुधाच्या किटल्या मांडल्या. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे पांगले, किटल्या गोठ्यात परत गेल्या. सतरंजी मात्र कोणी उचलली नाही. मी येता-जाता तिला वळसा घालून जायचे. शोभाही तसंच करायची. नाना, तुमचे थोरले, कॉटवरून बघत राहायचे.

दशक्रियेच्या आधी दूध सोसायटीतून निरोप आला होता, फलकावर लावायला तुमच्याबद्दल चार शब्द द्या म्हणून. मी दिले नाहीत. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख हे शब्द आपल्याकडे मेल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येतात. जन्मभर बांध कोरणाऱ्यालाही येतात. तुम्ही मनमिळाऊ होता हे मला तरी भांडताना कधी जाणवलं नाही. आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

भांडण कशाचं ते तुम्हाला सांगायला नको. पण तीस वर्षं मी फळ्यावर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं क्रमानं लिहीत आले. मधलं काही गाळलं की मलाच सुधरत नाही. तेव्हा क्रमानं लिहिते, तुम्ही नेहमीसारखे मध्ये मध्ये बोलू नका.

नानांची फुप्फुसं दोन वर्षांपूर्वी निकामी होत गेली, तेव्हापासून त्यांच्या उशाशी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन आहे. ते विजेवर चालतं. पत्र्यावरचे सोलर पॅनेल होते, पण जुन्या पाण्याच्या बॅटऱ्या थकलेल्या, तासाभरात बसायच्या. मग सिलिंडर. आणि सिलिंडर म्हणजे तुम्ही. मागच्या उन्हाळ्यात वस्तीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, ती बदलून मिळायला चार दिवस गेले, आणि ते चार दिवस तुम्ही मोटारसायकलच्या मागे ट्यूबनं सिलिंडर बांधून श्रीगोंद्याच्या फेऱ्या मारत होतात. चौथ्या दिवशी वीज आली तेव्हा तुम्ही ओट्यावर बसलात, डोक्यावरचा टॉवेल काढून त्यानंच तोंड पुसलंत आणि म्हणालात, "वैनी, आता वीज घरातच साठवायची. लई झालं त्या डीपीच्या तोंडाकडं बघनं."

मी म्हणाले, तयार लिथियम बॅटरी मिळते, आणू आणि लावू. तुम्ही ऐकणार थोडेच. गावोगावच्या जळालेल्या मोटारी उघडून नव्यानं तार भरून देण्यात तुमचं आयुष्य गेलं. जे उघडता येत नाही त्यावर तुमचा विश्वासच नव्हता. "बंद पेटी, आत काय चाललंय कुनाला दिसतंय? बिघडली की पुन्याला पाठवा, आन् तवर नानानं काय श्वास धरून बसायचं?" मग आपण दोघं महिनाभर मोबाईलवर माहिती बघत बसलो. मी चष्मा लावून वहीत लिहायचे, तुम्ही न लिहिता माझ्या आधी समजून घ्यायचात. तुम्हाला नववीत व्होल्ट म्हणजे काय ते मी शिकवलं होतं, कालव्याच्या पाण्याची उंची दाखवून. नवीन लग्न होऊन आले होते, आणि विज्ञानात नापास झालेला दीर हा माझा या घरातला पहिला विद्यार्थी. आता तुम्ही मला शिकवत होतात, आणि चुकलं की "बाई, उभ्या ऱ्हावा बाकावर" म्हणत होतात.

सेल आले ते खांडेनवमीच्या आदल्या दिवशी. एकेक दोन किलोचा, जाड शब्दकोशाएवढा, निळ्या वेष्टनातला, आणि डोक्यावर ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या, एक अधिक आणि एक उणे. तुम्ही त्यांना मधल्या खोलीत रांगेनं उभं केलंत आणि काळ्या पेननं एक ते बत्तीस नंबर घातलेत. दुसऱ्या दिवशी पान्हे, पकडी, मोटार भरायचं मशीन असं सगळं पूजेला मांडलं, तेव्हा म्हणालात, "ह्यास्नी बी हळद-कुंकू लावा वैनी. घरात कामाला आल्यात." मी कुंकू पाण्यात कालवलं, एक नंबरपासून सुरुवात केली आणि बत्तिसाव्यापर्यंत सगळ्यांना बोट लावत गेले. संध्याकाळी तुम्ही फडक्यानं सगळे सेल पुसून घेतलेत. वर लाल काही दिसत नव्हतं.

वाद त्याच संध्याकाळी सुरू झाला. एक सेल तीन व्होल्टपेक्षा थोडा जास्त देतो. आपल्या इन्व्हर्टरला पन्नासेक व्होल्ट लागतात, म्हणजे सोळा सेल एकापुढे एक जोडले की काम होतं. नानांचं मशीन दिवसभर चालावं म्हणून आपण दुप्पट आणले होते. हे दुप्पट सेल जोडायचे कसे, एवढाच प्रश्न. तुमचं म्हणणं, आधी दोन-दोन सेलांच्या जोड्या बांधायच्या आणि त्या सोळा जोड्यांची एक ओळ करायची. राखणीला एकच बोर्ड. तो सगळ्या जोड्यांवर नजर ठेवील आणि काही बिनसलं तर लाईन तोडील. माझं म्हणणं, सोळा-सोळाच्या दोन वेगळ्या ओळी करायच्या, प्रत्येकीला आपला बोर्ड द्यायचा आणि दोन्ही ओळी शेवटी इन्व्हर्टरपाशी आणून मिळवायच्या.

तुम्ही ओट्यावर खडूनं जोड्या काढून दाखवल्यात. "जोडी असली की एक दमला तर दुसरा वढतो. बैलाचं बी तसंच हाय."

"तेच तर म्हणते मी. दुसरा ओढतो म्हणून पहिला दमलाय हे कळतच नाही. बोर्डाला जोडीचा मिळून एकच आकडा दिसतो. चांगला सेल कमजोर सेलाचं झाकून नेतो आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. कळेल तेव्हा उशीर झालेला असतो."

"शाळंत असंच भ्या दाखवत हुता व्हय पोरास्नी?" तुम्ही हसलात. मग नानांकडे वळून म्हणालात, "बघ रं नाना. आपुन भाऊभाऊ वायलं न्हाई निघालो, आन् वैनी सेलांच्या वाटन्या करायला निघाल्यात."

नाना हसले, हसता हसता खोकले, आणि आपण दोघंही उठलो. आपले सगळे वाद नानांच्या खोकल्यापाशी थांबायचे.

आठ दिवसांनी मी मीटर घेऊन बसले. सेल आतून विजेला किती अडवतो ते हा मीटर सांगतो. जितका कमी आकडा तितका सेल तब्येतीनं चांगला. सहा ते बत्तीस सगळे थोड्याफार फरकानं सारखे निघाले. एक ते पाच मात्र वाईट. त्यांचे आकडे इतरांच्या दुप्पट, एकाचा तर तिप्पट. मी तुम्हाला हाक मारली, आणि खरं सांगू का, माझ्या आवाजात आनंद होता. हे बघा तुमचे कमजोर सेल, म्हटलं, हेच जोडीत लपून बसले असते.

तुम्ही उकिडवे बसून वही बघितलीत. "एक ते पाच? वळीनं आजारी पडत्यात व्हय सेल? हजेरी घेतल्यागत?"

"मीटर खोटं बोलत नाही, भाऊजी."

"सेल चांगलं हायेत वैनी. दुसरंच काय तरी हाय."

"दुसरं काय?"

"ते न्हाई ठावं. पन सेल चांगलं हायेत."

आता विचार करते तर ज्याला कारण सांगता आलं नाही त्याच माणसाचं बरोबर होतं. पण मी शाळेतली बाई होते. कारणाशिवाय उत्तराला मी आयुष्यात कधी गुण दिले नाहीत. पाच सेल बदलून आल्याशिवाय एक बोल्टही आवळायचा नाही, असं मी सांगून टाकलं. दुकानदाराला फोन केले, त्याला फोटो पाठवले, आकडे पाठवले. तो आज बघतो, उद्या बघतो करत राहिला. तुम्ही दोनदा म्हणालात, "जोडून तर बघू." दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. दुसऱ्या वेळी जरा जास्तच तोडून बोलले. म्हणाले, "मोटार भरण्याइतकं सोपं नाही हे." तुम्ही चपला घातल्यात आणि गोठ्याकडे गेलात. त्या वाक्याची मी तुमच्याकडे माफी मागितलेली नाही. मागीन म्हणत होते, भाऊबीज होऊ दे म्हणत होते.

सेल बदलून आले नाहीत आणि काम जवळजवळ तीन आठवडे पडून राहिलं. त्याच दिवसांत लाईनमननी आपल्या भागातल्या तारा ओढायला काढल्या होत्या. रोज दुपारी चार-चार तास वीज नाही. म्हणजे रोज सिलिंडर, म्हणजे रोज तुम्ही. बॅटरी मधल्या खोलीत रांगेनं उभी होती आणि तुम्ही तिच्या शेजारून खांद्यावर सिलिंडर घेऊन आत जात होतात.

त्यातलीच एक दुपार. हे मी अजून नानांना सांगितलेलं नाही. तुम्ही श्रीगोंद्याहून आलात, सिलिंडर उतरवून लावलंत आणि कॉटजवळच्या पायरीवर बसलात. नेहमीपेक्षा जास्त घाम होता. मी नानांच्या बोटाला ती क्लिप लावून ऑक्सिजनचा आकडा लिहून घेत होते, दिवसातून तीनदा लिहायचे तसा. झाल्यावर तुम्ही गंमत म्हणून बोट पुढे केलंत. "माझं बी बघा की वैनी. आमाला कुनी इचारतच न्हाई."

मी लावली. ऑक्सिजन सत्त्याण्णव. खाली नाडीचा आकडा एकशे अडतीस. मग चौऱ्याण्णव. मग एकशे एकेचाळीस, मग एकशे दहा. एका जागी थांबेना.

मी म्हणाले, "याचे सेल उतरलेत."

"टाका नवं. मी तवर गायास्नी पानी दावतो." तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि गेलात.

मी कपाटातून दोन नवे सेल काढून घातले आणि क्लिप स्वतःच्या बोटाला लावून बघितली. शहात्तर, आणि आकडा जागचा हलला नाही. मला बरं वाटलं. बघा, सेलच उतरले होते. मी तुम्हाला परत हाक मारली नाही. निरीक्षण चुकीच्या बोटावर घेतलं आणि अनुमान काढून मोकळी झाले. एखाद्या पोरानं प्रयोगवहीत असं केलं असतं तर मी वही उंबऱ्याबाहेर फेकली असती.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळच्या धारेला, शोभा बादली आणायला वळली आणि तुम्ही गोठ्यात खाली बसलात ते उठला नाहीत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके बरेच दिवस बिघडलेले असणार, लवकर कळलं असतं तर औषध होतं. मला विचारलं, यांची नाडी कधी बघितली होती का? मी नाही म्हणाले. खोटं बोलले नाही, तेव्हा खरंच आठवलं नाही. घरी आल्यावर नानांच्या बोटाला क्लिप लावायला घेतली आणि आठवलं. हातातून क्लिप पडली. नानांना वाटलं मी तुमच्यासाठी रडते आहे. तेही होतंच.

घरात सगळे नानांकडे बघत होतो, भाऊजी. त्यांचा श्वास, त्यांचा आकडा, त्यांचं खाणं. तुमच्याकडे आम्ही कामापुरतं बघायचो. शेत तुमच्याकडे, गाई तुमच्याकडे, कालव्याचं आवर्तन सुटलं की रात्रपाळीचं पाणी तुमच्याकडे, आणि नानांच्या वाटणीचंही सगळं तुमच्याकडेच. घर चाललं होतं, म्हणून आम्ही समजलो की ठीक चाललं आहे. मी ओट्यावर बसून तुम्हाला जे शिकवत होते तेच माझ्या घरात घडत होतं आणि मला दिसलं नाही.

तुमच्यानंतर सिलिंडर आणायचं एका टेम्पोवाल्याकडे सोपवलं. माणूस वाईट नाही, पण तो त्याच्या सवडीनं येतो. गेल्या आठवड्यात वीज गेली, टेम्पो आला नाही, आणि नानांच्या बोटावरचा आकडा ब्याऐंशीवर उतरला. ओठ काळे-निळे. शोभानं त्यांना पाठीमागून धरून बसतं ठेवलं आणि मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागून एक, आणि टेम्पो त्यांच्या मागे अडकला होता. तासाभरानं तो आला. त्या रात्री जेवण झाल्यावर शोभा आपणहून उठली आणि तिनं सतरंजी ओढून काढली. म्हणाली, "बाई, उद्या जोडायचं हे. मला सांगा कसं ते, मी करती."

सकाळी आम्ही दोघी बसलो. जोडण्याआधी प्रत्येक चकती बारीक पॉलिश पेपरनं घासायची, हे तुम्हीच सांगून ठेवलं होतं. मी बत्तीसपासून सुरुवात केली, शोभानं एकपासून. थोड्या वेळानं तिचा हात थांबला.

"बाई, हे काय हाय?"

चकतीच्या मधल्या भोकात, जिथं बोल्ट बसतो तिथं, आणि भोवतीच्या खाचेत तांबूस काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. वरून पुसलं गेलं होतं, आत राहिलं होतं. धातूवर करडा मळकट थर चढला होता. शोभानं नखानं खरवडलं आणि बोट उजेडात धरलं.

"कुंकू हाय," ती म्हणाली.

एक नंबरच्या सेलाला मी ओल्या कुंकवात भिजलेलं बोट ठसठशीत टेकवलं होतं. दोनला, तीनला, चारला, पाचला. मग बोटावरचं कुंकू सरत गेलं आणि पुढच्यांना नुसता स्पर्श झाला. सेलाला कपाळ नसतं, म्हणून बोट आपसूक वरच्या चकतीवर जात होतं. जिथून वीज यायची नेमकं तिथंच मी हळद-कुंकवाचा लेप दिला होता, आणि आठ दिवसांनी त्याच लेपावर मीटरची टोकं टेकवून सेल आजारी आहेत म्हणून निकाल दिला होता. विज्ञानाची बाई. पाचही सेल आम्ही घासून लख्ख केले आणि मी पुन्हा मीटर लावला. पाचांचे आकडे बाकीच्यांसारखेच आले. वळीनं आजारी पडत नाहीत सेल. तुमचं बरोबर होतं, भाऊजी. लेखी देते.

मी शोभाला सगळं सांगितलं. कुंकवाचं, तीन आठवड्यांचं, आणि क्लिपचंही. सांगताना मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही गेल्यावर बायका तिचं कुंकू पुसायला आल्या तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले होते, हे असलं माझ्या घरात चालणार नाही म्हणून. पण त्यानंतर तिनंच कपाळाला काही लावलं नव्हतं. आता तिच्या बोटावर ते तांबडं होतं आणि ती त्याच्याकडे बघत ऐकत होती.

"मला ठावं हुतं बाई," ती म्हणाली.

"काय?"

"छातीत धडधडतंय म्हनायचे. दिवाळीच्या आधीपासनं. नगरला जाऊन दावा म्हनलं तर म्हनले, नानाचं मशीन बॅटरीवर चालू दे एकदा, मग जातो. मी दोन दिस न्हाई तर सिलिंडर कोन आननार? कुनाला सांगू नको म्हून शपथ घातली हुती." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमाला सांगायला पायजे हुतं मी. शपथ मोडली असती तर काय झालं असतं?"

मी तिला तुझी चूक नाही म्हणाले, ती मला म्हणाली. दोघींनाही ते पटलं नाही. मग तिनं पॉलिश पेपर पुन्हा हातात घेतला आणि सहा नंबरचा सेल जवळ ओढला.

आता जोडणीचं सांगते, नाहीतर तुम्ही तिथून विचाराल, मग जोड्याच बांधल्या ना? नाही बांधल्या. सोळा-सोळाच्या दोन ओळी केल्या. दुसरा बोर्ड मागवला, तो चार दिवसांत आला. तुम्ही म्हणाल, वैनी मेल्या माणसाबरोबर बी हट्ट सोडत न्हाईत. पण माझं आधीचं कारण आता राहिलेलं नाही. कमजोर सेल पकडायला मी दोन ओळी मागत होते, आणि कमजोर सेल त्यात एकही नव्हता. मी ओळी केल्या त्या वेगळ्याच कारणानं. दोन ओळी असल्या की त्यातली एक बंद ठेवता येते. तपासायला, दुरुस्त करायला, नाहीतर अशीच. घर थांबत नाही. तुमच्या जोडणीत एकाला थांबायचं असेल तर सगळं घर थांबवावं लागलं असतं. तुम्ही तसेच जगलात. मी दोन दिस न्हाई तर कोन आननार, हे तुम्ही स्वतःशीच ठरवून टाकलंत, आणि आम्ही कोणी तुम्हाला दुसरं काही सुचवलं नाही. आणि या वाटण्या नाहीत, भाऊजी. दोन्ही ओळी शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. फक्त प्रत्येकीला आपला खटका आहे.

बोल्ट आवळायला तुमचाच पान्हा घेतला. चुकून दोन चकत्यांना एकदम टेकू नये म्हणून त्याच्या दांड्यावर तुम्ही सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली होती. त्या रबरावर अंगठ्याच्या जागी खोलगट झालं आहे. शोभाचा अंगठा तिथं बसत नाही, लहान आहे. ती तरी तिथंच धरत होती. बोर्ड आल्यावर जोडायला बसलो तेव्हा तिच्या कपाळावर छोटी टिकली होती.

दोन्ही ओळी एका आकड्यावर येईपर्यंत एकमेकींना मिळवायच्या नाहीत, हे तुमचं वाक्य मी वहीत ठळक लिहून ठेवलं होतं. एक ओळ वर होती, एक जरा खाली. चार्जर लावून बसलो. दुपारपर्यंत दोन्ही त्रेपन्न पूर्णांक दोनवर आल्या, तेव्हा मिळवल्या. ठिणगी पडली नाही. इन्व्हर्टरनं कट्ट असा आवाज केला आणि हिरवा दिवा लागला. पंधरा वर्षं पावसापाण्यात तुम्ही मला सायकलवर, मग लुनावर शाळेच्या दारात सोडत होतात आणि वर्गात शिरेपर्यंत उभे राहत होतात. तसं कोणीतरी मागे उभं आहे असं वाटलं, म्हणून मी वळून बघितलं. तिथं कॉटवर नाना होते.

पावणेतीनला वीज गेली. पंखा थांबला, बाहेरच्या मोटारीचा आवाज बंद पडला. नानांचं मशीन चालू राहिलं. शोभानं सवयीनं सिलिंडरकडे धाव घेतली आणि अर्ध्यात थांबली. नानांनी बोट वर केलं, मी क्लिप लावली. ब्याण्णव. मग शोभाच्या बोटाला लावली. मग माझ्या. आता रोज तिघांचे आकडे लिहिते, आणि आकडा नाचला तर आधी माणूस बघायचा, क्लिपचे सेल मागाहून, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

पण खरी परीक्षा बाकी होती. एक ओळ बंद केली तर दुसरी एकटी ओढते की नाही, हे बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती. मी खटक्याशी गेले आणि नानांना सांगितलं, घाबरू नका, एक ओळ बंद करते आहे. खटका पाडला. मशीनचा आवाज होता तसाच राहिला. भिंतीला हात लावून मी एक ते साठ मोजले. काही झालं नाही.

"कंची... बंद केली?" नानांनी श्वास घेत घेत विचारलं.

"एक ते पाच ज्या ओळीत आहेत ती."

तुमच्या हातचे काळे नंबर कॉटवरूनही दिसत होते. नाना त्यांच्याकडे बघत राहिले. तुम्ही गेल्यापासून ते रडले नव्हते. रडायला दम लागतो, आणि तो त्यांच्याकडे नव्हता. मी ओळ परत चालू करायला हात वर नेला, तशी त्यांनी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बसू दे त्याला... जरा."

मी हात खाली घेतला. शोभा पायरीवर येऊन बसली, जिथं तुम्ही बसला होतात तिथंच. वीज येईपर्यंत आम्ही ती ओळ बंदच ठेवली.